अंगावर पुरळ, फाईलवर कोड : डायग्नोसिस कोडिंग शिकणाऱ्या नव्या मुलामुलींसाठी

पावसाळा सुरू झाला की बालरुग्ण विभागातून आमच्या एमआरडीत, म्हणजे मेडिकल रेकॉर्ड विभागात, येणाऱ्या फाईलींवर तेच ते शब्द दिसू लागतात : फीवर विथ रॅश. ताप आणि पुरळ. नवीन लागलेली मुलगी हे शब्द वाचते, संगणकात 'रॅश' टाइप करते, आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला आर२१ हा कोड समोर येतो, ती तो भरते आणि पुढची फाईल घेते. काम झालं असं तिला वाटतं. पण त्या मुलाला काय झालं होतं ते त्या कोडमधून कुणालाच कळत नाही.

इंदूरमध्ये हे काम शिकायला येणारी आपली मराठी मुलं मी बरीच वर्षं पाहते आहे. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर इथून येतात, बी.एस्सी. किंवा बी.फार्म. झालेली असतात. कुणी रुग्णालयाच्या एमआरडीत लागतं, कुणी टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या खिडकीवर, तर कुणी अमेरिकेतल्या रुग्णालयांचं बिलिंग करणाऱ्या कंपनीत रात्रपाळीला. शरीरशास्त्र त्यांना येत असतं, इंग्रजी वाचता येतं. अडतं ते एकाच ठिकाणी : कोड कुठून घ्यायचा, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. तो पुरळाच्या वर्णनावरून घ्यायचा नाही, आईच्या शब्दावरून नाही आणि गूगलवर फोटो बघून तर मुळीच नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी फाईलमध्ये जे निदान लिहिलं आहे त्यावरून घ्यायचा. आणि ते निदान बहुतेक वेळा पहिल्या पानावर नसतं.

इथे मी उदाहरण म्हणून हँड-फूट-माउथ डिसीज, म्हणजे हातापायांवर आणि तोंडात फोड आणणारा विषाणूजन्य आजार, घेते, कारण आपल्याकडे पाच वर्षांखालच्या मुलांत हा आजार खूप दिसतो आणि कोडिंगमधल्या बहुतेक चुका त्याच्याभोवतीच होतात. कोड देवनागरीत लिहिते आहे. संगणकात मात्र पहिलं अक्षर रोमन आणि पुढे अंक. त्या अंकांतलं शून्य हे शून्यच असतं, इंग्रजी 'ओ' नाही. ही चूक मी आठवड्याला एकदा तरी दुरुस्त करते.

आधी पुस्तक ओळखा

आपल्या रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-१० हे आजारांच्या कोडांचं पुस्तक चालतं. त्याचे तीन खंड आहेत. पहिल्यात कोडांची क्रमवार यादी, दुसऱ्यात नियम आणि तिसऱ्यात वर्णानुक्रमे सूची. अमेरिकन कामाला आयसीडी-१०-सीएम लागतं. ते याच झाडाची फांदी आहे, पण त्यात बऱ्याच ठिकाणी एखादा अंक जास्त असतो आणि दरवर्षी १ ऑक्टोबरला नवी यादी लागू होते. दोन्हींची सरमिसळ करू नका. रोझिओला हा लहान मुलांचा ताप-पुरळाचा आजार आपल्या यादीत बी०८.२ वर संपतो, सीएममध्ये बी०८.२० पासून पुढे विषाणूप्रमाणे फाटे फुटतात. डिहायड्रेशन आपल्याकडे ई८६, तिकडे ई८६.०. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती यादी भरली आहे ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

शोधायची पद्धत दोन्हीकडे एकच. आधी सूचीत शब्द शोधायचा, मग तिथे सापडलेला कोड यादीत उघडून त्याखालच्या सगळ्या टिपा वाचायच्या. सूचीवरून थेट कोड भरायचा नाही. घाईच्या दिवशी हा नियम मोडावासा वाटतो. तो का मोडू नये ते पुढे येईलच.

एका घरातली भावंडं

त्वचेवर आणि श्लेष्मल आवरणावर दिसणारे विषाणूजन्य आजार बी०० ते बी०९ या गटात आहेत. बी०१ कांजिण्या, बी०५ गोवर, बी०६ रुबेला. बी०८ मध्ये उरलेली भावंडं एकत्र राहतात : बी०८.१ मोलस्कम, बी०८.२ रोझिओला, बी०८.३ गालांवर चापट मारल्यासारखी लाली आणणारा फिफ्थ डिसीज, बी०८.४ आपला हँड-फूट-माउथ आणि बी०८.५ हर्पँजायना. शेवटचे दोन्ही आजार एन्टेरोव्हायरस गटातल्या विषाणूंचे. हर्पँजायनामध्ये फोड घशात, टाळूच्या मागच्या भागात येतात. हातापायांवर पुरळ नसतं. डॉक्टरांनी हर्पँजायना लिहिलं असेल तर 'जवळजवळ तेच' म्हणून बी०८.४ टाकू नका.

यादीत बी०८.४ समोर 'हँड, फूट अँड माउथ' हे नाव ठळक दिसत नाही. तिथे 'एन्टेरोव्हायरल व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विथ एक्झान्थेम' असं लांबलचक शीर्षक आहे आणि रोजच्या वापरातलं नाव त्याच्या खाली. म्हणून नवी मुलं सॉफ्टवेअरमध्ये शोधताना गोंधळतात. त्यातलं 'व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस' एवढंच टाइप केलं की ए९३.८ समोर येतो. तो वेगळ्याच विषाणूचा आजार, मुख्यतः गुराढोरांचा. बी०८ च्या मथळ्याखालीच तो आजार इथे धरू नये अशी टीप आहे. टिपा वाचा असं मी म्हणते ते यासाठी.

गुरांचं निघालंच आहे तर आणखी एक खड्डा दाखवते. 'फूट अँड माउथ' एवढंच शोधलं तर बी०८.८ मिळतो. ते म्हणजे लाळ्या-खुरकूत, ज्याला माळव्यात खुरपका-मुँहपका म्हणतात. नाव सारखं असलं तरी विषाणू वेगळा, आजार वेगळा. अडीच वर्षांच्या बाळाच्या फाईलवर लाळ्या-खुरकुताचा कोड मी स्वतः पाहिला आहे. सूचीत 'डिसीज' या शब्दाखाली 'हँड, फूट अँड माउथ' असा पूर्ण शोध घेतला की सरळ बी०८.४ वर पोचता.

माता, चेचक, खसरा

हा भाग फक्त आपल्याकडच्या लोकांसाठी. फाईलमधली हिस्ट्री बहुधा आईच्या तोंडची असते. ती सांगते, "इसको माता निकली है." माळव्यात आणि निमाडात 'माता' म्हणजे अंगावर उठलेलं जवळजवळ काहीही. 'छोटी माता' म्हणजे बहुतेक वेळा कांजिण्या. मराठी आजी सोबत असेल तर ती म्हणते गोवर आलाय. पण आजीचा गोवर आणि डॉक्टरांचा गोवर एकच असेल असं नाही. हिंदीतलं 'खसरा' म्हणजे गोवर. आणि 'चेचक' हा शब्द कांजिण्यांसाठीही सर्रास वापरला जातो, खरा अर्थ मात्र देवी.

ज्युनिअर डॉक्टर किंवा नर्स हिस्ट्रीत तोच शब्द उतरवून घेतात. कोड करणाऱ्याने त्याचं भाषांतर केलं की चेचकचं स्मॉलपॉक्स होतं आणि कोड पडतो बी०३. भारतात १९७५ नंतर देवीचा रुग्ण नाही. जगातून देवी गेल्याचं १९८० मध्ये जागतिक आरोग्य सभेने जाहीर केलं आणि यादीत तशी टीपही आहे की हा कोड केवळ देखरेखीसाठी ठेवलेला आहे. तुमच्या हातून बी०३ पडला तर तिथेच थांबा. तो कोड बरोबर असण्याची शक्यता नाही.

लोकांचे शब्द खोटे नसतात. घरात, देवळात, शीतला सप्तमीच्या थंड नैवेद्यात त्यांना अर्थ आहे. पण कोडसाठी ते पुरावा नाहीत. हिस्ट्रीतला शब्द वाचा, लक्षात ठेवा आणि डॉक्टरांच्या निदानाकडे चला.

एक फाईल उघडू

समजा, जुलैतली फाईल. अडीच वर्षांचा मुलगा, तीन दिवस वॉर्डात. पहिल्या पानावर दाखल करतानाचं निदान : 'फीवर विथ रॅश, ? व्हेरिसेला'. प्रश्नचिन्हाकडे लक्ष द्या. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना रात्री दहा वाजता कांजिण्यांची शंका आली, इतकंच ते सांगतं.

दुसऱ्या दिवशीची राउंडची नोंद : नवे फोड नाहीत, तळहात, तळपाय आणि ढुंगणावर पाण्याचे छोटे फोड, तोंडात अल्सर, लाळ गळते, खाणंपिणं बंद. कांजिण्यांचे फोड टप्प्याटप्प्याने येतात, एकाच वेळी काही नवे, काही खपली धरलेले दिसतात. इथे तसं नाही, म्हणून डॉक्टरांनी आपलं मत बदललं. हे तर्क तुम्हाला समजले पाहिजेत, पण ते करायचे डॉक्टरांनी. तुम्ही फक्त बघायचं की मत कुठे बदललं आणि शेवटी काय ठरलं.

डिस्चार्ज समरीत लिहिलं आहे : 'एचएफएमडी विथ मॉडरेट डिहायड्रेशन'. एचएफएमडी म्हणजे आपला हँड-फूट-माउथ. सलाइन दिलं होतं. आता कोड सोपे आहेत. मुख्य निदान बी०८.४. जोडीला ई८६, कारण डिहायड्रेशनवर वेगळा उपचार झाला. मुख्य निदान ठरवताना 'दाखल करताना काय वाटलं' हे विचारायचं नसतं. उपचाराचा काळ संपताना, ज्या आजारासाठी प्रामुख्याने उपचार किंवा तपासणी लागली तो आजार मुख्य.

ताप, पुरळ आणि तोंडातले अल्सर यांना वेगळे कोड देऊ नका. ते या आजाराचेच भाग आहेत. नव्या मुलांना वाटतं, जितके जास्त कोड तितकं काम चोख. आर५०.९, आर२१, के१२.१ असे चार-पाच कोड ओळीने भरलेली फाईल परत करावी लागते. आणि बी९७.१, म्हणजे 'अन्य प्रकरणांतल्या आजारांचं कारण एन्टेरोव्हायरस', हाही नको. तो दुसऱ्या प्रकरणातल्या आजाराला विषाणूचं नाव जोडण्यासाठी आहे. बी०८.४ मध्ये विषाणू आधीच आलेला आहे.

रात्री दोन दहाची नोंद

याच फाईलमध्ये आणखी एक पान आहे, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. नर्सिंग नोट्समध्ये, निळ्या शाईत, रात्री २.१० ला : झटका आला, साधारण दोन मिनिटं, ड्युटी डॉक्टरांना कळवलं. औषधांच्या चार्टवर त्याच वेळेला नाकातून मिडाझोलामचा स्प्रे दिल्याची सही. आणि डिस्चार्ज समरीत झटक्याचा एक शब्दही नाही.

आता काय करायचं? नर्सच्या नोंदीवरून कोड करता येत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं निदान लागतं. पण ती नोंद वाचली आणि सोडून दिली, असंही चालणार नाही. कारण या आजारात झटक्याचे अर्थ फार वेगवेगळे असू शकतात. तापामुळे आलेला झटका असेल तर आर५६.०, लहान मुलांत तो दिसतो आणि बहुतेक मुलं त्यातून ठीक होतात. पण हँड-फूट-माउथ आणणाऱ्या विषाणूंपैकी एन्टेरोव्हायरस ७१ मेंदूवरही जाऊ शकतो. डॉक्टरांनी एन्टेरोव्हायरल एन्सेफलायटिसचं, म्हणजे मेंदूच्या सुजेचं, निदान केलं तर ए८५.० येतो, मेनिंजायटिसचं, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या सुजेचं, केलं तर ए८७.०, आणि मग मुख्य निदान कोणतं हा प्रश्नही नव्याने उभा राहतो. एका ओळीच्या नोंदीतून इतके फाटे निघतात. त्यातला कोणता, हे आपण ठरवायचं नाही.

इथे क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न, पाठवायची. क्वेरी कशी लिहायची हे मला सुरुवातीला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी डॉक्टरांना लिहिलं होतं, "सर, फेब्राइल कन्व्हल्शन (तापाचा झटका) लिहू का?" डॉक्टरांनी घाईत 'हो' लिहून सही केली. माझ्या वरिष्ठ ताईंनी तो कागद माझ्यासमोर ठेवून विचारलं, "हे निदान डॉक्टरांचं आहे की तुझं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर सुचवणारा प्रश्न विचारला की येणारं उत्तर आपलंच असतं.

तेव्हापासून मी असं लिहिते : "नर्सिंग नोंदीत अमुक तारखेला रात्री २.१० वाजता दोन मिनिटांचा झटका. औषध चार्टवर त्याच वेळी मिडाझोलाम. डिस्चार्ज समरीत उल्लेख आढळला नाही. या घटनेचं वैद्यकीय महत्त्व असल्यास कृपया निदान नोंदवावं. नसल्यास तसं लिहावं." यात वस्तुस्थिती आहे, पान आणि वेळ आहे, आणि निदानाचं नाव मी घेतलेलं नाही. डॉक्टरांचं उत्तर फाईलमध्येच लावायचं, व्हॉट्सॲपवर ठेवायचं नाही. सर राउंडला असतील तर दोन वेळा जावं लागेल, कधी ओरडाही बसेल. जा.

निदान पक्कं नसेल तर

कधी डिस्चार्जच्या वेळीही 'प्रोबेबल' किंवा 'सस्पेक्टेड' असंच राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमाप्रमाणे, शेवटपर्यंत शंकाच राहिली आणि अधिक माहिती नसेल, तर ते निदान झालं असं धरून कोड द्यायचा. तपासणीनंतर शंका खोटी ठरली असेल तर झेड०३ गट पाहायचा. अमेरिकन कामात मात्र फरक आहे : दाखल रुग्णाच्या बाबतीत शंकेचा कोड साधारण निदानासारखाच देतात, पण ओपीडीत 'प्रोबेबल', 'रूल आउट' असल्या शब्दांवरून निदानाचा कोड देता येत नाही, तिथे लक्षणांचाच कोड द्यावा लागतो. दोन्हीकडे काम केलेल्या मुलांची नेमकी इथेच गल्लत होते.

डॉक्टरांनी 'व्हायरल एक्झान्थेम', म्हणजे विषाणूमुळे आलेलं पुरळ, एवढंच लिहिलं तर बी०९. विषाणूचा उल्लेखच नाही, फक्त 'रॅश' आहे, तर आर२१. हे दोन्ही कोड चुकीचे नाहीत. डॉक्टरांनाच त्याहून पुढे जाता आलं नसेल तर तेच प्रामाणिक कोड. पण फाईलच्या आतल्या पानावर 'रोझिओला' लिहिलेलं असताना बी०९ टाकणं म्हणजे पान न उलटणं. रोझिओलात तीन-चार दिवस खूप ताप येतो आणि ताप उतरल्यावर पुरळ उठतं, त्यामुळे दाखल करताना पुरळ नसतंच. ते नाव नंतरच्या नोंदीतच सापडणार. नॅपी रॅश एल२२, घामोळ्या एल७४.०. हे विषाणूचे आजारच नाहीत, तरी 'रॅश' या शब्दाने त्यांनाही लोक बी०९ मध्ये ढकलतात. पावसाळ्यानंतर डेंगीच्या मुलांनाही पुरळ येतं. आपल्या आयसीडी-१० च्या नव्या आवृत्त्यांत डेंगी ए९७ मध्ये आहे, चेतावणीची लक्षणं आहेत की नाहीत त्यानुसार पुढचा अंक बदलतो. तुमच्या आयसीडी-१० यादीत ए९० आणि ए९१ च दिसत असतील तर ती जुनी आवृत्ती किंवा अमेरिकन सीएम असू शकते.

गोवराला वेगळी काळजी

गोवरात गुंतागुंत कोडमध्येच धरलेली असते. नुसता गोवर बी०५.९. गोवरातून न्यूमोनिया झाला, तसं डॉक्टरांनी लिहिलं, तर बी०५.२, सोबत तारांकित, म्हणजे मूळ आजाराच्या जोडीनेच द्यायचा, जे१७.१. इथे बी०५.९ आणि जे१८.९ असे दोन सुटे कोड देणं चूक आहे. त्याने गोवर आणि न्यूमोनियाचा संबंधच तुटतो. कानाला संसर्ग असेल तर बी०५.३, मेंदूज्वर म्हणजे एन्सेफलायटिस असेल तर बी०५.०. लस दिल्यानंतर पुरळ उठल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं तर तो गोवर नव्हे, टी८८.१ उघडून वाचा.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा, की कोड भरला म्हणजे गोवराची खबर दिली असं होत नाही. संशयित गोवर-रुबेलाची सूचना रुग्णालयाने जिल्ह्याच्या रोगदेखरेख यंत्रणेला वेगळी आणि वेळेवर द्यायची असते. आपल्या हातात फाईल येते तेव्हा मूल घरी गेलेलं असतं. सूचना दिल्याची नोंद फाईलमध्ये दिसली नाही तर त्याच दिवशी वरिष्ठांना सांगा. त्या मुलाच्या गल्लीत लस न घेतलेली आणखी मुलं असू शकतात.

विम्याचा कागद

विम्याच्या दाव्याच्या फॉर्मचा 'ब' भाग रुग्णालय भरतं. त्यात मुख्य निदान, जोडनिदान यांच्यासमोर आयसीडी-१० कोडांचे रकाने असतात. समरीतले शब्द आणि रकान्यातला कोड जुळले नाहीत की दावा अडकतो आणि कुणाचा तरी बाप टीपीएच्या खिडकीशी दोन-दोन तास उभा राहतो. आमच्या टेबलावर झालेल्या एका चुकीमुळे असं उभं राहिलेलं माणूस मी पाहिलं आहे, म्हणून सांगते.

कधी उलटा दबावही येतो. मी एका ठिकाणी काम करत असताना, दावा पटकन मंजूर व्हावा म्हणून फाईलमध्ये नसलेली गुंतागुंत कोडमध्ये दाखवायला मला सांगण्यात आलं. मी नकार दिला आणि काही महिन्यांत ती नोकरी सोडली. तुमच्यावर अशी वेळ आली तर तोंडी सूचनेवर कोड बदलू नका. डॉक्टरांच्या सहीची नोंद मागा. नसलेल्या गोष्टीची सही सहसा कुणी करत नाही.

आयसीडी-११ बद्दल नवी मुलं हमखास विचारतात. ते २०१९ मध्ये स्वीकारलं गेलं आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं; त्यात गोवराचा कोड १एफ०३ आहे, रचना वेगळी आहे. पण तुमच्या टेबलावरच्या फाईली अजून आयसीडी-१० मध्ये आहेत, तेव्हा आधी ते हातात बसवा.

सराव कसा करायचा, तर वरिष्ठांची परवानगी घेऊन मागच्या पावसाळ्यातल्या दहा फाईली घ्या. कोड झाकून ठेवा. प्रत्येक फाईल या क्रमाने वाचा : आधी डिस्चार्ज समरी, मग दाखल करतानाचं पान, मग रोजच्या राउंडच्या नोंदी, मग नर्सिंग आणि औषधांचा चार्ट. आपला कोड पेन्सिलने लिहा, मग झाकलेला उघडा. जिथे फरक पडेल तिथे कोण बरोबर हे लगेच ठरवू नका; तो फरक कोणत्या पानावरून आला ते पान शोधा आणि ताईंना किंवा सरांना तेच पान नेऊन दाखवा.